सरपंचपदाला उभ्या राहायला तयार नसलेल्या जाऊबाई आणि प्रचाराची माणसं

सोनचाफा

आमच्या गावचं सरपंचपद या वेळी सर्वसाधारण महिलेसाठी राखीव झालंय. एका पॅनलला माझ्या मोठ्या जाऊबाई उमेदवार म्हणून हव्या आहेत. गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातलं, जिरायत, उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून. जाऊबाईंनी गावात बचत गट उभे केले आणि टिकवले. बँकेचा माणूस आला की आधी त्यांच्याकडे येतो. कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाचा पीकविमा अडकला, तरी बायका त्यांचंच दार वाजवतात. त्यामुळे त्यांचं नाव पुढे आलं यात नवल नाही.

त्या मात्र नको म्हणतायत, आणि हे मानपानासाठी केलेलं नको-नको नाही. पॅनलची मंडळी घरी आली तेव्हा म्हणाली, "वहिनी, तुम्ही फक्त फॉर्मवर सही करा, बाकी सगळं आम्ही बघतो." त्या तिथेच अडल्या. रात्री मला फोनवर म्हणाल्या, "बाकी सगळं तेच बघणार असतील तर मी कशाला हवी?" भाऊजींचा विरोध नाही. ते म्हणतात, मी आहे ना सोबत. पण जाऊबाईंना त्याचीही धास्ती आहे, कारण शेजारच्या गावात सरपंच बाई घरात आणि त्यांचे यजमान खुर्चीत, हे त्यांनी जवळून पाहिलंय.

मी नोकरीनिमित्त पुण्यात असते, हिशेबाच्या कामात आहे. मला मनापासून वाटतं की त्यांनी उभं राहावं. तरी विचारते: त्यांना आग्रह करावा का? आणि त्या हो म्हणाल्या तर प्रचाराला माणसं कोण घ्यायची, कुणाला कुठलं काम द्यायचं? सगळं पॅनलवर सोडायचं की आपली माणसं उभी करायची?

---

जुना कार्यकर्ता

आग्रहाचं नंतर. आधी अर्ज टिकतो का ते बघा. छाननीत अर्ज उडाला तर घरात कायमची कटुता राहते.

वय २१ पूर्ण आणि नाव त्याच गावच्या मतदार यादीत हवं. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे मुलं दोनपेक्षा जास्त होत असतील तर अपात्र. १ जानेवारी १९९५ नंतरचा जन्म असेल तर सातवी पास लागते. तुमच्या जाऊबाईंना तो प्रश्न नसेल. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी आजच भरा आणि पावती जपून ठेवा. घरात शौचालय आणि त्याचा नियमित वापर, याचा दाखला घ्या.

सगळ्यात घातक असतं अतिक्रमण. उमेदवाराच्या नावावर नसलं तरी कुटुंबातल्या कुणी गावठाणाच्या किंवा सरकारी जागेवर गोठा, पडवी, दुकान वाढवलेलं असेल आणि उमेदवार त्याच कुटुंबात राहत असेल, तर पद जाऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. निवडून आल्यावर वर्षभरानं विरोधक जिल्हाधिकाऱ्यांकडे हाच अर्ज करतात. भाऊजींना घराची, गोठ्याची मोजणी कागदावर करून बघायला सांगा.

आणि अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका. जानेवारी २०२१ मध्ये १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक होती, तेव्हा ऑनलाइन अर्ज भरायचं संकेतस्थळ इतकं अडलं की राज्य निवडणूक आयोगाला शेवटी कागदावरचे अर्ज घ्यायला परवानगी द्यावी लागली. म्हणून पहिला नेमायचा माणूस हा: कागदपत्रं करणारा. तहसील कचेरीत ज्याचं येणंजाणं आहे असा, शक्यतो शिक्षक किंवा वकिलाकडे काम केलेला. भाषण करणारे पुढे शंभर मिळतील.

---

गोदाकाठची

सोनचाफा, मी पाच वर्षं सरपंच होते, मराठवाड्यात. मलाही नको होतं. मला घरच्यांनी उभं केलं, माझं मत विचारलं ते फॉर्म भरून झाल्यावर.

निवडून आले तेव्हा शिक्का यजमानांच्या खिशात, डिजिटल सही काढली तर ती चिप कॉम्प्युटर चालवणाऱ्या मुलाच्या ड्रॉवरमध्ये. वित्त आयोगाचा पैसा त्या सहीनं निघतो. कुठल्या कामाचं बिल निघालं हे मला गल्लीतल्या बायका सांगायच्या. मी एक दिवस ग्रामपंचायतीत जाऊन बसले, चिप मागून घेतली, आणि पुढच्या महिला सभेला ती सगळ्यांना दाखवली. त्यानंतर मात्र काम माझं झालं. आमची पाण्याची जुनी लाइन बदलली ती त्यानंतरच.

म्हणून जाऊबाईंचं "नको" मोडून काढू नका. त्यातला प्रत्येक मुद्दा लिहून घ्या. त्या ज्याला घाबरतात ते सगळं खरं आहे. मग त्यांना विचारा, यातलं काय-काय आधीच मिटलं तर तुम्ही उभ्या राहाल? ते पॅनलच्या मंडळींसमोर, घरातल्या मोठ्यांसमोर बोलायला लावा. निवडणुकीआधी जे बोललं जात नाही ते नंतर कुणी ऐकून घेत नाही.

आग्रह तुम्ही करा, जाऊ म्हणून. बाकी कुणाला करू देऊ नका.

---

पानगळ

विषय वेगळ्या देशातला आहे, पण इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. नको म्हणणारा उमेदवार आणि त्याची माणसं, यावर १९५२ ची अमेरिकेची निवडणूक फार शिकवते.

अॅडलाय स्टीव्हन्सन इलिनॉय राज्याचे गव्हर्नर होते. जानेवारीत अध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना बोलावून अध्यक्षपदाची उमेदवारी घ्या म्हणून सांगितलं. ते नाही म्हणाले. मला गव्हर्नरकीच पुन्हा लढवायची आहे, हेच ते पुढचे कित्येक महिने सांगत राहिले. मार्चअखेर ट्रुमननी स्वतः उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं, तरी यांचं उत्तर बदललं नाही. शिकागोतल्या काही लोकांनी मग त्यांच्या संमतीशिवायच त्यांच्यासाठी समिती काढली; विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक वॉल्टर जॉन्सन तिच्यात पुढे होते. जुलैमध्ये त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं उमेदवार ठरवणारं अधिवेशन शिकागोलाच भरलं. यजमान राज्याचे गव्हर्नर म्हणून स्टीव्हन्सननी स्वागताचं भाषण केलं आणि प्रतिनिधी त्यांच्याकडे झुकले. मतदानाच्या तिसऱ्या फेरीत उमेदवारी त्यांच्या गळ्यात पडली.

स्वीकारल्यावर मात्र त्यांनी माणसं स्वतः निवडली. प्रचाराची कचेरी वॉशिंग्टनला न ठेवता आपल्या राज्यात, स्प्रिंगफिल्डला. ट्रुमनच्या काळचे पक्षाध्यक्ष बदलून शिकागोचे वकील स्टीफन मिचेल आणले. प्रचारप्रमुख विल्सन वायट, लुइव्हिलचे माजी महापौर. भाषणं लिहायला एल्क्स क्लबच्या इमारतीत एक मंडळ बसवलं: आर्थर श्लेसिंजर, जॉन केनेथ गालब्रेथ, डेव्हिड बेल वगैरे. हेच गालब्रेथ १९६१ ते १९६३ भारतात अमेरिकेचे राजदूत होते.

त्याची किंमतही मोजावी लागली. ट्रुमन दुखावले. पक्षाची जुनी यंत्रणा वॉशिंग्टनला, उमेदवाराची माणसं स्प्रिंगफिल्डला, दोघांचं नीट जुळलं नाही. स्टीव्हन्सन शेवटच्या क्षणापर्यंत भाषणात खाडाखोड करायचे आणि टीव्हीवर विकत घेतलेला वेळ भाषण संपायच्या आत संपायचा. समोर रिपब्लिकन पक्षाचे आयझेनहॉवर होते. राज्याराज्यांच्या निर्वाचक मतांत ४४२ विरुद्ध ८९ असा पराभव झाला, स्वतःचं इलिनॉयही हातून गेलं.

गंमत म्हणजे आयझेनहॉवरही सुरुवातीला तयार नव्हते. ते पॅरिसला नाटोचे सरसेनापती होते. त्यांचं नाव पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत उतरवलं ते सिनेटर हेन्री कॅबट लॉज यांनी, आणि तेच त्यांच्यासाठी राबले. त्या धावपळीत लॉज यांचं स्वतःच्या मतदारसंघाकडे दुर्लक्ष झालं. मॅसॅच्युसेट्समधली त्यांची जागा ३५ वर्षांच्या जॉन केनेडींनी घेतली. केनेडींचा प्रचार त्यांचा २६ वर्षांचा भाऊ रॉबर्ट चालवत होता, तोही आधी यायला नाखूष होता. पण तो स्वतः कशालाच उभा नव्हता. त्याला एकच काम होतं.

---

निरेकाठ

पानगळ, माहिती छान आहे, पण अमेरिकेचा अध्यक्ष कुठे आणि आमचा सरपंच कुठे. इथे पाचशे मतांचा खेळ असतो आणि त्यातली तीनशे भावकीची असतात.

सोनचाफा, पॅनलला तोडून स्वतःची माणसं उभी करायच्या फंदात पडू नका. थेट सरपंच, म्हणजे सदस्यांऐवजी गावानं मत देऊन निवडलेला, २०१७ ला आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. आमच्या गावात थेट सरपंच एका गटाचा निवडून आला आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या गटाचं. मासिक सभेत प्रत्येक ठराव अडायचा. सरपंचाला काढताही येत नव्हतं, कारण थेट सरपंचावर अविश्वास आणायला तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेचं शिक्कामोर्तब लागतं. पाच वर्षं गाव तसंच राहिलं. जाऊबाई एकट्या निवडून येऊन काय करणार? पॅनल निवडून यायला हवं.

---

जुना कार्यकर्ता

निरेकाठ यांचं बहुमताबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण पानगळ यांच्या गोष्टीतला लॉजचा भाग आपल्याकडे जसाच्या तसा लागू आहे, तो सोडू नका.

पॅनलचे जे पुढारी "बाकी आम्ही बघतो" म्हणतात ते स्वतः कुठल्या ना कुठल्या प्रभागात सदस्यपदाला उभे असतात. सुरुवातीचे चार दिवस ते गावभर फिरतात. मग आपापल्या प्रभागात घाम फुटला की तिथेच अडकतात. शेवटच्या दोन रात्री तर प्रत्येक जण आपल्या गल्लीच्या बाहेर पडत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे तोडजोड सुरू होते, "मला सदस्याला द्या, सरपंचाला तुम्हाला वाटेल त्याला द्या." सरपंचाच्या उमेदवाराला मतं अख्ख्या गावातून हवी असतात आणि तिच्यासाठी अख्ख्या गावात फिरणारं कुणीच उरत नाही. पॅनल निवडून आलं आणि सरपंच पडला, असे निकाल मी तालुक्यात पुष्कळ पाहिलेत. कारण बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून पॅनलसोबतच लढा, पण जाऊबाईंचा प्रचारप्रमुख असा हवा जो स्वतः उभा नाही आणि ज्याच्या घरातलंही कुणी उभं नाही. ही अट पॅनलला सांगायला अवघड नाही. त्यांच्याही सोयीची आहे.

---

सोनचाफा

हे फारच नेमकं सांगितलंत. असा माणूस कसा शोधायचा? आणि त्याच्या हाताखाली नक्की कोण-कोण लागतं?

---

जुना कार्यकर्ता

माणूस शोधताना एकच बघा: जाऊबाईंना तोंडावर "वहिनी, हे चुकतंय" म्हणू शकेल का. आणि भाऊजींनाही म्हणू शकेल का. निवृत्त शिक्षक, सोसायटीचा जुना सचिव, दूध डेअरीवर हिशेब ठेवणारा, अशांत सापडतो. गाव त्याला ओळखतं आणि त्याला स्वतःला काही मिळवायचं नसतं.

मग मतदार यादीचा माणूस. हे काम सगळ्यात किचकट आणि सगळ्यात कमी मानाचं. प्रभागवार यादीची छापील प्रत घ्यायची, घराघरात जाऊन खुणा करायच्या: गावात कोण, पुण्या-मुंबईला कोण, मयत कोण, लग्न होऊन गेलेल्या मुली कोण, नवीन सुना कोण, कुणाचं नाव चुकून दुसऱ्या प्रभागात गेलंय. प्रारूप यादीवर हरकतीची मुदत असते, ती थोडी असते. या कामाला पोरं नकोत, बायका घ्या. बचत गटाच्या बायकांना घरात कोण राहतं हे यादीपेक्षा जास्त ठाऊक असतं, आणि त्या उंबऱ्याच्या आत जाऊ शकतात.

बाहेरगावच्या मतदारांसाठी वेगळा माणूस. भोसरी, हडपसर, नवी मुंबईला राहणारी पोरं. फोन करणं, कोण कधी येतोय ते वहीत लिहिणं. हे सोनचाफा, तुम्ही पुण्यातून करू शकता.

मतदान केंद्रावर बसणारे प्रतिनिधी, प्रत्येक केंद्राला एक आणि बदली एक. हा त्या प्रभागातले चेहरे ओळखणारा हवा, आणि पहाटेच्या अभिरूप मतदानाला, म्हणजे मतदानाआधी यंत्र तपासून दाखवतात त्याला, हजर राहणारा हवा. त्याला आदल्या रात्री जागवू नका.

आणखी एक काम लोक विसरतात. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, आयोगाचं मुक्त चिन्ह मिळतं, तेही माघारीनंतर. म्हणजे चिन्ह लोकांच्या डोक्यात बसवायला दिवस थोडेच. त्यात एका मतदाराला सरपंचाचं एक आणि प्रभागातल्या जागांची दोन-तीन बटणं दाबायची असतात. म्हाताऱ्या माणसांचा इथे गोंधळ होतो. नमुन्याची मतपत्रिका घेऊन ओसरीवर बसून शांतपणे समजावणाऱ्या दोन मुली नेमा. कॉलेजच्या असल्या तर उत्तम.

जेवणावळी, गाड्या, डीजे याला मी माणसं सांगत नाही. ती आपोआप गोळा होतात. त्यांना आवरणारा प्रचारप्रमुखच.

---

गोदाकाठची

यात भर. जाऊबाईंसोबत रोज फिरायला एक बाई ठेवा, घरातली नको. घरातली असली की स्वयंपाकाला मागे राहते. आणि त्या प्रचाराला गेल्यावर घरात सकाळ-संध्याकाळचं कोण करणार, जनावरांचं कोण बघणार, हे आत्ताच ठरवा. हेही प्रचाराचंच काम आहे. माझ्या वेळी मी पहाटे चारला उठून भाकरी थापून मग दारोदार फिरायचे. आजारी पडले. भाऊजी "मी आहे ना सोबत" म्हणतात ना, त्यांना हे काम द्या. मनापासून सांगते, त्याची मदत व्यासपीठावर शेजारी बसण्यापेक्षा किती तरी जास्त होते.

---

पूर्णाकाठचा

आमच्या जळगाव जिल्ह्यातलं विटनेर आठवलं. १९८९ मध्ये तिथे सगळ्या जागांवर बायका निवडून आल्या, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या. १९८६ च्या चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनानंतर ते वारं होतं. तेव्हा पंचायतीत बायकांना राखीव जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती झालेली नव्हती, महाराष्ट्रातलं ५० टक्के आरक्षण तर २०११ चं. त्या बायकांना कायद्यानं खुर्ची दिलेली नव्हती. मागे संघटना होती आणि एकमेकींची सोबत होती. सोनचाफा, पॅनलमध्ये राखीव जागांवर कुठल्या बायका उभ्या राहतायत हे जाऊबाईंना ठरवू द्या. निदान दोघी तरी त्यांच्या गटातल्या असू देत. मासिक सभेत एकटी बाई आणि तिघी बाया, यात फार फरक पडतो.

हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांनाही १९८९ ला तरुणांनी सरपंच व्हा म्हणून गळ घातली होती. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा मुलगा, घरून विरोध. पण ज्या तरुणांनी गळ घातली ते नंतर श्रमदानाला सोबत होते. आग्रह करणाऱ्यांना हा प्रश्न विचारायला हवा, की निकालाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही कुठे असाल?

---

निरेकाठ

एक सुचवतो. गावातल्या जाणत्यांना बसवून बिनविरोध करून टाका. जाऊबाईंना कुणाचा विरोध नसेल तर प्रचारही नको, खर्चही नको.

---

गोदाकाठची

बिनविरोध झाली तर छानच, पण कशी होते ते बघावं लागतं. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीत सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून आयोगानं तिथली निवडणूक प्रक्रियाच रद्द केली होती. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती, मंदिरासाठी म्हणून. असा लिलाव नसला तरी बिनविरोधच्या बैठकीत शब्द दिले-घेतले जातात: अडीच वर्षांनी राजीनामा, अमक्याला उपसरपंच, तमक्याला रस्त्याचं काम. तो शब्द जाऊबाईंच्या नावानं दुसरंच कुणी देतं. त्या बैठकीत त्या स्वतः बसल्या पाहिजेत.

---

निरेकाठ

हे मान्य. आमच्याकडचा राजीनाम्याचा शब्द असाच दिला गेला होता, आणि ज्या बाईंच्या नावानं दिला त्यांना तो माहीतच नव्हता.

---

सोनचाफा

रविवारी गावी जाऊन आले. सगळे प्रतिसाद जाऊबाईंना वाचून दाखवले. गोदाकाठची, तुमचा पहिला प्रतिसाद त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

त्यांनी अटी स्वतःच्या अक्षरात लिहिल्या. शिक्का आणि डिजिटल सही त्यांच्याकडेच. ग्रामपंचायतीच्या सभेला भाऊजी येणार नाहीत. महिला राखीव जागांवर दोन नावं त्या देणार. त्यांच्या नावानं कुणी कुणाला शब्द द्यायचा नाही. आणि प्रचारप्रमुख उभा नसलेला. पॅनलच्या मंडळींना घरी बोलावलं, मोठे सासरेही बसले होते. दोन नावांच्या अटीवर बराच वाद झाला, एका पुढाऱ्याच्या भावजयीची जागा जात होती. शेवटी एक नाव पक्कं झालं, दुसऱ्यावर अजून बोलणी चालू आहेत. बाकीचं मान्य झालं. भाऊजींनी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं की गोठा आणि घरचं मी बघतो. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

प्रचारप्रमुख म्हणून दूध संकलन केंद्रावरचे जुने सचिव तयार झालेत. यादीचं काम गटातल्या बायकांनी वाटून घेतलंय. गोठ्याची मोजणी झाली, एका कोपऱ्याला पत्रा गावठाणात गेला होता, तो काढला. जाऊबाई आता तयार आहेत. "घाबरत नाही असं नाही, पण उभी राहते," असं म्हणाल्या.

खर्चाचा हिशेब मी ठेवणार आहे. त्यात काय काळजी घ्यायची?

---

जुना कार्यकर्ता

फार बरं वाटलं वाचून.

हिशेबाचं नीट करा, कारण निकालानंतर ३० दिवसांत खर्च सादर केला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते, आणि ती निवडून आलेल्याला तशी पडलेल्यालाही. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं अर्जाआधीच उघडा. रोजची नोंद रोज, पावतीसकट. आयोगाचं ट्रू व्होटर अॅप आहे, त्यावरही भरावं लागतं. थेट सरपंचपद आलं तेव्हा मर्यादा ७ ते ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीला ५० हजार, ११ ते १३ ला १ लाख आणि १५ ते १७ ला पावणेदोन लाख अशी होती. सध्याचा आकडा तहसीलमधून लेखी घ्या.

पॅनलच्या एकत्रित पत्रकाचा, गाडीचा खर्च सगळ्या उमेदवारांत वाटून लावायचा असतो. त्यात जाऊबाईंचा वाटा किती ते पहिल्याच दिवशी पॅनलकडून लिहून घ्या. नंतर सगळा बोजा सरपंचाच्या उमेदवारावर टाकतात.

मतमोजणी तहसीलला होते. तिथे बसायला प्रतिनिधी लागतो, त्याचा अर्ज आणि फोटो वेळेत द्या. सचिवांनाच पाठवा.

---

सोनचाफा

खातं उद्याच उघडते. दुसऱ्या नावाचं ठरलं की इथे कळवेन.